गिऱ्हाईक आणि पाहुणा

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एका व्यापाऱ्याने आपले राहते घर विकायला काढले, आणि घर सोडून बाकी सगळे काही लोकांना दाखवले.

व्यापाऱ्याचे नाव दिगंबर. गाव त्याला दिगंबरशेठ म्हणे. तांब्यापितळेच्या भांड्यांचा त्याचा धंदा सचोटीचा होता, म्हणून बरकतीचा होता. वय झाल्यावर दुकान त्याने पुतण्याच्या स्वाधीन केले आणि सुखाने घरी बसायचे ठरवले. पण सुखाच्या आड जिना आला. घर दुमजली होते. खाली भांड्यांचे गोदाम, वर बिऱ्हाड आणि मध्ये शिडीसारखा उभा जिना. त्याची पत्नी इंदुमती गुडघ्यांनी जेरीस आली होती. गेल्या दिवाळीनंतर ती खाली उतरलीच नव्हती. देवळात जाणे बंद झाले, लेकीकडे जाणे बंद झाले. शेजारणींशी बोलायचे ते खिडकीतून, आणि त्यातलेही निम्मे रस्त्याच्या गलबल्यात विरून जायचे. तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नव्हता, त्यामुळे शेठच्या जिवाला ते अधिकच लागे.

लेकीच्या घराजवळ, गावाबाहेरच्या नव्या वस्तीत, त्याने एक बैठे घर पाहून ठेवले होते. पुढे ओसरी, ओसरीला अंगण आणि अंगणाला लागून सपाट रस्ता. तिथला मालक भला होता. तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत तुमच्यासाठी थांबतो, शेठ. त्यापुढे मात्र मलाही जमणार नाही." म्हणजे जुने घर दसऱ्याच्या आत विकले गेले तर इंदुमती जमिनीवर येणार होती. नाहीतर आणखी किती दिवाळ्या तिला खिडकीत काढाव्या लागतील, ते देव जाणे.

घर विकायचे म्हणजे दलाल आला. हल्ली त्याला एजंट म्हणतात. शेठने तिघांना बोलावणे धाडले.

पहिला एजंट आला, बैठकीत बसला, पोह्यांची दुसरी बशीही त्याने नाही म्हटली नाही, आणि घराकडे नजरसुद्धा न टाकता असा काही आकडा सांगितला, की आपण इतके श्रीमंत आहोत हे शेठला त्या दिवशी प्रथमच कळले. दुसऱ्याने आकड्याऐवजी स्तुती केली. "तुमच्या नावावर घर जाईल, शेठ. बाकी काही करायलाच नको," असे म्हणून त्याने जाताना एक तांब्याची कळशी घाऊक भावात पदरात पाडून घेतली.

तिसरी आली ती एक बाई होती. मालन जगदाळे तिचे नाव. इंदुमती चहाचे आधण ठेवायला उठू लागली, तेव्हा ती म्हणाली, "चहा राहू द्या, वहिनी. आधी घर बघते." आणि ती खरोखरच घर बघू लागली. तिने नळ सोडून पाहिले. दारे लावून पाहिली, उघडून पाहिली. गच्चीवर जाऊन आली. बैठकीच्या भिंतीवर दुकानाचे भले मोठे कॅलेंडर टांगले होते, तेही तिने एका हाताने उचलले. मागे ओलीचा हातभर डाग होता.

"पावसाळ्यात कुठवर चढते ही ओल?" तिने विचारले.

शेठ ओशाळला. "वरचा पाइप जरा..." एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

"पाइप दुरुस्त करून घ्या. डाग झाकू नका. भिंतीवरचे फोटो उतरवा, फळ्यांवरची भांडी खाली गोदामात न्या. आणि आणखी एक. मी गिऱ्हाईक घेऊन येईन तेव्हा तुम्ही दोघांनी घरात थांबायचं नाही."

आता मात्र शेठचा पारा चढला. "माझ्या घरात मीच नको?"

"तेवढा वेळ नको," मालनताई शांतपणे म्हणाली आणि जिना उतरून गेली.

"काय शिष्ट बाई! दारात येऊन चहाला नाही म्हणते!" शेठ बराच वेळ धुसफुसत राहिला.

"मला बरी वाटली," इंदुमती म्हणाली. "आली त्या कामाचं बोलली."

पण शेठने काम दिले ते पहिल्या एजंटाला. मोठा आकडा ऐकल्यावर त्याहून लहान काही ऐकायला माणसाचे कान तयार नसतात. दर्शनी भिंतीला त्याने नवा रंग दिला, बैठकीत धुतलेल्या चादरी अंथरल्या आणि तो गिऱ्हाइकांची वाट पाहू लागला.

गिऱ्हाइके आली. श्रावणात आली, गणपतीच्या आधी आली. आता आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला 'बसा' म्हटल्यावाचून पुढचे बोलणे सुरूच होत नाही, आणि शेठच्या घरची रीत तर त्याहून चार बोटे वर. आधी पाणी, मग पोहे, मग चहा, मग सुपारी. खाणे चालू असताना शेठ घराविषयी सांगे. हा फोटो वडिलांचा, पेठेतल्या पहिल्या दुकानाच्या उद्घाटनाचा. ही समई आजीच्या माहेरची. या कोपऱ्यात लेकीचा पाळणा टांगलेला होता. सांगता सांगता त्याचे डोळे भरून येत, ऐकणाऱ्यांचेही येत. एखादे गिऱ्हाईक धीर करून स्वयंपाकघराकडे मान वळवी, तोच शेठ म्हणे, "अहो, तुम्ही कशाला उठता? बसा, बसा. चहा इथंच येतोय." गिऱ्हाईक बसे. थोड्या वेळाने हात जोडून म्हणे, "फार छान आहे. कळवतो."

मराठी माणसाला तोंडावर नाही म्हणणे जड जाते, म्हणून तो 'कळवतो' म्हणतो. आणि कळवतो म्हणून गेलेल्या माणसाने पुढे काही कळवल्याचे अद्याप कोणाच्या ऐकिवात नाही.

गणपती गेले. पितृपंधरवडा तोंडावर आला. त्या पंधरवड्यात कोणी घराचा सौदा करत नाही, आणि तो संपला की घट बसून दसरा आलाच. एजंट आता फोनवर म्हणू लागला, "बाजार थंड आहे, शेठ." एका दुपारी शेठ जेवून उठला, तर इंदुमती खिडकीतल्या खुर्चीवर बसून बैठ्या घराच्या अंगणात काय काय लावायचे ते बोटांवर मोजत स्वतःशी पुटपुटत होती. त्याला पाहून ती गप्प झाली. ते गप्प होणे त्याला सोसवले नाही. त्याने टोपी घातली आणि तो थेट आपल्या गुरुजींकडे गेला.

गुरुजी म्हणजे ज्यांनी त्याला लहानपणी मुळाक्षरे गिरवायला शिकवली ते वृद्ध शिक्षक. शाळेतून निवृत्त झाले, तरी गावाने त्यांना निवृत्त होऊ दिले नव्हते. कोणाच्या लग्नाचे अडले, कोणाचे भावाभावांत बिनसले, की तो नदीकडच्या त्यांच्या ओसरीवर येऊन बसे. शेठने सगळी हकीकत सांगितली. तिन्ही एजंटांचेही सांगितले, आणि तिसरीचे सांगताना आवाज चढवून सांगितले.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि भलतेच बोलले. "दिगंबर, माझं एक काम करशील? शेजारच्या गावात माझ्या पुतण्याला एक घर घ्यायचंय. त्याला रजा नाही, मला प्रवास झेपत नाही. तू उद्या जाऊन पाहून ये. तुझी नजर पारखी आहे."

शेठ चकितच झाला. आपले घर जळत असल्यासारखी धावपळ करून आपण इथे आलो, आणि हे आपल्याला दुसऱ्याच्या घराला धाडतात! पण गुरुजींचा शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एसटीने गेला. संध्याकाळी परत आला तो हातात लिंबांची पिशवी घेऊन आणि प्रसन्न मुद्रेने.

"पाहिलंस घर?" गुरुजींनी विचारले.

"पाहिलं तर! काय सांगू गुरुजी, माणसं फार सज्जन. मला उठूच देईनात. घरमालकाच्या आईनं या वयात स्वतः शिरा केला. त्यांचे वडील भजनात पेटी वाजवायचे, त्यांचा फोटो दाखवला. ही लिंबं त्यांच्या परसातली."

"छान. स्वयंपाकघरात उजेड आहे का?"

शेठ थांबला. "असावा."

"नळाला पाणी कसं आहे?"

"पाणी आणून दिलं त्यांनी. गार होतं."

"मागचं दार कुठं उघडतं? पावसात पत्रा गळतो का? आतली खोली केवढी आहे?"

शेठ खाली पाहू लागला. हयातभर ज्याने बोटाच्या टिचकीवरून पितळेची जात ओळखली, तो सबंध दुपार एका घरात बसून आला होता, आणि शिऱ्यात बेदाणे होते यापलीकडे त्याला त्या घराविषयी काहीही ठाऊक नव्हते.

"विचारायचं मनात आलं होतं," तो हळूच म्हणाला. "एकदा उठलोही. पण त्यांनी बसा म्हटलं. आणि गुरुजी, खरं सांगू का? त्या बैठकीच्या छताला एक भेग होती. पण त्या माउलीच्या हातचा शिरा खाताना भेगेचं कसं विचारायचं?"

"निघताना काय म्हणालास?"

शेठने टोपी काढून हातात घेतली. मग तो स्वतःशीच हसला. "कळवतो म्हणालो."

गुरुजीही हसले. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "मी त्या लोकांना काही शिकवून ठेवलं नव्हतं हो. भल्या घरी असंच होतं. तुझ्याही घरी हेच झालं. दिगंबर, पाहुण्याला आपण बसवतो, आणि बसलेल्या माणसाला घर दिसत नाही, यजमान दिसतो. ज्याला घर घ्यायचं आहे, त्याला न विचारता हिंडता आलं पाहिजे, दार उघडता आलं पाहिजे, 'ही खोली अंधारी आहे' असं मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे. तुझं मीठ खाऊन तुझ्याच भिंतीला नावं ठेवायला कोण धजेल? जी बाई आधी घर बघते म्हणाली, तिनं तुझा अपमान नाही केला. गिऱ्हाइकाला तुझं घर कसं दिसेल, ते तिनं गिऱ्हाईक होऊन पाहिलं."

"म्हणजे दारात आलेल्या माणसाला पाणीही विचारायचं नाही?" शेठचा जीव अजून तिथेच अडकला होता. "मग माणुसकी ती कसली?"

"व्यवहार होऊ दे, मग जेवायलाच बोलाव." गुरुजींचा आवाज मृदू झाला. "पण खरी गोष्ट चहाची नाही. तू 'बसा' म्हणतोस, तोवर ते घर तुझं असतं. ते तुला सोडवत नाही. म्हणून तू प्रत्येकाला पाळण्याचा कोपरा दाखवतोस, समई दाखवतोस. ऐकणारा माणूस मनात म्हणतो, इथं तर एक सबंध आयुष्य भरलेलं आहे, आमचं आम्ही कुठं ठेवायचं? तू त्याला जागा विकतोयस आणि त्यात तसूभर जागा मोकळी सोडत नाहीस. यात तुझी काही चूक झाली असं मी म्हणत नाही. माया आहे ती. पण मायेला कधीकधी खोलीबाहेर जाऊन उभं राहावं लागतं."

शेठ लिंबांच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिला. त्याला वाईट वाटले, आणि वाईट वाटता वाटताच हलकेही वाटले. कोणीतरी दुखणारी जागा बरोबर दाबली की वाटते, तसे.

दुसऱ्याच दिवशी त्याने मालनताईला बोलावले. ती आली. मागचे काही मनात ठेवणारी ती नव्हती. "पंधरवड्यात सौदा करायचा नाही," ती म्हणाली, "पण घर झाडायला कोणी मनाई केलेली नाही." पंधरवडाभर घरात तेच चालले. प्लंबर येऊन गच्चीचा पाइप बदलून गेला. कॅलेंडर उतरले, डाग तसाच राहिला. फळ्यांवरची घंगाळे, हंडे, परातींच्या चळती पोत्यात बांधून गोदामात गेल्या, आणि त्या भांड्यांमागे बैठकीला एक खिडकी आहे हे शेठला कित्येक वर्षांनी आठवले. ती उघडली तर पश्चिमेचा उजेड थेट समोरच्या भिंतीपर्यंत आला. फोटो उतरवायच्या दिवशी शेठ गोदामात काहीतरी शोधत बसला. ते काम इंदुमतीने केले. प्रत्येक फोटो पुसला, जुन्या साडीत गुंडाळला आणि वरची गाठ स्वतःच्या हाताने बांधली.

"तुला काही वाटत नाही?" शेठने वर आल्यावर विचारले.

"वाटतं की," ती म्हणाली. "पण नव्या घरी भिंती आहेतच ना."

घट बसले. दुसऱ्या माळेला मालनताईचा निरोप आला. आज एक जोडपे घर पाहायला येणार होते. नवऱ्याला शिलाई यंत्रे दुरुस्त करायला खाली जागा हवी होती, आणि बायकोला वर शिवणाचा वर्ग चालवायचा होता. शेठने मनाची तयारी केली होती. पण ऐन वेळी त्याचा पाय घोटाळला. देव्हाऱ्यासमोर घट मांडलेला, शेजारी अखंड दिवा.

"घट बसलेत, मालनताई. दिवा एकटा टाकून घराबाहेर कसं जायचं? आज मी नुसता कोपऱ्यात बसतो. अवाक्षर बोलत नाही."

"दिव्याकडं मी बघते, शेठ."

"पण रीत..."

"अहो, त्या बघतील," इंदुमती म्हणाली. ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभीही राहिली होती. "चला. मला उतरायला वेळ लागतो."

एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने शेठचा खांदा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत ती उतरली. तिच्या कपाळावर घाम आला होता. पण खाली पाय टेकल्यावर ती अशी हसली, की शेठने दिव्याचा विषय पुन्हा काढला नाही.

दोघे रिक्षाने गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसली. इंदुमती नदीकडे पाहत गुरुजींच्या सुनेशी सुखाने गप्पा मारू लागली. शेठचे चित्त मात्र थाऱ्यावर नव्हते. "गच्चीवरून गणपतीच्या देवळाचा कळस दिसतो, हे सांगितलं असेल का तिनं? भिंतीची वीट जुनी, पक्की आहे. ते तर मलाच माहीत." तो उठे, फाटकापर्यंत जाई, परत येई. गुरुजी वर्तमानपत्र वाचत राहिले. समजूत घालण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

ऊन उतरू लागले तेव्हा मालनताई आली. ती घामाघूम झाली होती. ओसरीवर बसून तिने आधी तांब्याभर पाणी मागितले. शेठने ते स्वतः आणून दिले.

"काय म्हणाले?"

"डाग बघितला त्यांनी. नवऱ्यानं विचारलं, मी सांगितलं, पाइप बदललाय. म्हणाला, सांगितलंत ते बरं झालं. मग आम्ही गच्ची बघायला गेलो. बायको खालीच राहिली. बैठकीत हिंडत होती. खिडकीशी मशीन ठेवलं तर उजेड कुठून येईल, ते हातानं मापून बघत होती. मी दिव्याला तेल घालायला म्हणून खाली आले, तर ती हात धुऊन, पदर खोचून देवासमोर बसलेली. वात पुढं सरकवून तेल घालत होती. मला विचारलं नाही, काही नाही. मला बघून दचकली. म्हणाली, 'दिवा मंदावला होता, राहवलं नाही हो मला.'"

इंदुमतीने नकळत हात जोडले.

शेठच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभे राहिले. आपल्या देवासमोर एक परकी मुलगी, तिच्या हातात आपल्या घरची तेलाची वाटी. आपण तिथे असतो तर, त्याला कळून चुकले, ती मुलगी बैठकीत चहाची बशी हातात धरून अवघडून बसली असती आणि दिवा मंदावलेला तिला दिसलाही नसता. दिसला असता तरी पाहुण्याने दुसऱ्याच्या देवाला हात लावला नसता. आपण घराबाहेर होतो, म्हणून तिला ते घर आपले वाटले.

"त्यांनी काय कळवलं?" इंदुमतीने विचारले.

"कळवायला थांबतायत कुठं!" मालनताई म्हणाली. "दोघं अजून तिथंच आहेत. वर्ग कुठल्या खोलीत आणि झोपायचं कुठल्या, यावरून वाद चाललाय. मी म्हटलं, तुमचं होऊ द्या, तोवर मालकांना बोलावून आणते."

दसऱ्याच्या दिवशी इसार झाला. भाव पहिल्या एजंटाच्या आकड्याइतका नव्हता, पण बैठे घर घेऊन वर चार पैसे हाती राहतील इतका होता, आणि शेठला तो मनापासून पटला. सह्या झाल्या आणि मग मात्र त्याने कोणाचे ऐकले नाही. त्या जोडप्याला आणि मालनताईला जेवायला बसवले, आणि पुरणपोळीचा असा आग्रह केला, की मालनताईने शेवटी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

दिवाळीच्या आधी दोघे बैठ्या घरात राहायला आली. सामान अजून नीट लागायचे होते. पहिल्याच सकाळी इंदुमतीने वेणी घातली, इस्त्रीची साडी नेसली आणि ती ओसरीवर येऊन म्हणाली, "मी जरा लेकीकडे जाऊन येते."

शेठ लगबगीने उठला. एक पाय चपलेत गेलाही. सवयच होती ती. तिचा हात धरायचा, पुढे व्हायचे, खड्डा दिसला की सावध करायचे, तिच्या वतीने वाटेतल्या माणसांशी बोलायचे. तो तसाच एका पायात चप्पल घालून क्षणभर उभा राहिला. मग त्याने पाय बाहेर काढला आणि म्हणाला, "ये जाऊन. मी आहे इथं."

इंदुमतीने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिले आणि ती निघाली. हळू चालत होती, डाव्या पायावर भार देत होती. अंगण ओलांडून ती रस्त्याला लागली. चार घरे पुढे एक अनोळखी बाई सडा घालत होती, तिथे ती थांबली. काय बोलणे झाले ते शेठला ऐकू आले नाही. दोघी हसल्या, एवढे दिसले. मग ती पुढे चालू लागली. कोपऱ्यावर वळताना ती मागे वळून पाहील असे त्याला वाटले होते. तिने पाहिले नाही, आणि त्याचेच त्याला समाधान वाटले.